तंबोरा ते भोंगा: एका पॅचच्या नोंदी

४ जुलै

काम हाती घेतलं. नाटक गिरणगावातलं आहे. मुख्य पात्र सांचाखात्यातला, म्हणजे विणकामातला, एक कामगार, पाळी संपली की भजनाला बसणारा. दुसऱ्या अंकात त्याचा तंबोरा मागे चालू असतो आणि चालता चालता त्याचाच गिरणीचा भोंगा होतो. प्रसंग १८ जानेवारी १९८२ चा, म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्या दिवसाचा. दिग्दर्शकाची अट एकच: तंबोरा कुठे संपला आणि भोंगा कुठे सुरू झाला हे प्रेक्षकाला कळता कामा नये.

दोन्हींची ध्वनिमुद्रणं एकातून दुसऱ्यात विरघळवून पाहिली. एक आवाज जातो आणि दुसरा येतो, एवढंच होतं. सांधा लपत नाही, कारण मधल्या काही सेकंदांत दोन वेगळ्या वस्तू शेजारी उभ्या असतात. म्हणून दोन्ही आवाज एकाच सिंथ पॅचमधून, म्हणजे सिंथेसायझरवरच्या एकाच मांडणीतून, काढायचे ठरवलं. लॅपटॉपवर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ आहे. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि कामाला पुरून उरतं. नट काळी एकमध्ये (पेटीवरची पहिली काळी पट्टी) गातो, तेव्हा तंबोऱ्याची सर्वांत खालची तार, खर्ज, ६९.३ हर्ट्झ आणि मधल्या दोन तारा, जोड, १३८.६.

७ जुलै

ताईंकडे जाऊन त्यांचा तंबोरा रेकॉर्ड केला. मिरजेचा आहे, त्यांच्या गुरूंकडून आलेला. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत ज्यानं कारागिरांना जवारी काढताना, म्हणजे तार नीट बोलावी म्हणून घोडी घासताना, पाहिलंय त्याला ते आधीच मिळायला हवं होतं असं वाटेल.)

ताईंना विनंती केली की खर्जाची तार आधी सुताशिवाय छेडा. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्या मधला दोरा त्यांनी बाजूला सारला आणि तार छेडली. आवाज आला, पण बद्द. लोखंडी पट्टीवर काही आपटावं तसा आरंभ आणि मागे नुसता खर्ज. मग त्यांनी दोरा पुन्हा तारेखाली घेतला आणि दोन बोटांत धरून केसाएवढा पुढे सरकवत नेला. दर सरकवणीला एकदा छेडायचं. एका जागी तार अचानक बोलायला लागली. छेडल्यावर क्षणभर काही नाही, मग आवाज फुलत वर जातो आणि तिथून सावकाश खाली उतरतो. आणखी केसभर पुढे गेल्यावर तोच आवाज पातळ आणि किरकिरा झाला.

"हे बघ, एवढ्यातच असतं सगळं," ताई म्हणाल्या. दोऱ्याच्या सगळ्या जागांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पुढचं सगळं काम याच्याशी ताडून करायचं.

छेडण्याची तऱ्हाही टिपून ठेवते. पंचमाला मधलं बोट, बाकी तिन्ही तारांना तर्जनी. नख लागत नाही, बोटाची मांसल कड तारेवरून सरकते. त्यामुळे आवाजाच्या तोंडाशी टक् असा ठोका नाही. सतारीचा पॅच घेऊन तंबोरा करू पाहणारे इथेच अडकतात.

९ जुलै

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्रामवर पाहिलं, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता स्वर किती जोरात आहे त्याच्या चित्रावर. दोरा बाजूला असताना सगळी हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे स्वर) छेडल्याक्षणी एकदम उजळतात आणि वरची वरची आधी विझत जातात, कुठल्याही छेडलेल्या तारेत होतं तसंच. दोरा जागेवर असताना चित्र निराळं. मूळ स्वराची रेघ फिकट, वरच्या रेघा ठळक, आणि त्यांच्यातून उजेडाचा एक पट्टा तिरका खाली उतरत येतो. विसावं हार्मोनिक उजळून मंदावतं, मग पंधरावं, मग दहावं.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावरच लिहिलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद (न हलणारा) बिंदू येतो ते हार्मोनिक आवाजात नसायला हवं, असा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. कारण रुंद, किंचित गोलाई दिलेली घोडी. तार कंपताना दर फेरीत घोडीला टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्या-सुटण्यात ऊर्जा खालच्या हार्मोनिक्समधून वरच्यांकडे जात राहते.

माझ्यासाठी यातून निघणारा अर्थ सरळ आहे. तंबोऱ्याची ओळख स्वरांच्या मिश्रणात थोडी आणि ते मिश्रण वेळेबरोबर कसं सरकतं यात फार. सिंथमध्ये मिश्रण ऑसिलेटर देतो, सरकवतो तो फिल्टर, आणि कधी, किती वेगानं सरकवायचं हे एन्व्हलप ठरवतं. माझा बहुतेक वेळ एन्व्हलपवर जाणार.

११ जुलै

ऑसिलेटर. सगळे सॉ वेव्हनं सुरुवात करतात, कारण तिच्यात सगळी हार्मोनिक्स असतात. असतात खरी, पण दहावं मूळ स्वराच्या एक दशांश जोराचं. तंबोऱ्याला हे चालत नाही. तिथे वरची मंडळी मूळ स्वराच्या तोडीस तोड हवीत.

उत्तर अरुंद पल्समध्ये मिळालं, म्हणजे दर फेरीत थोडाच वेळ वर आणि बाकी वेळ खाली राहणाऱ्या वेव्हमध्ये. पल्सची रुंदी पाच टक्के ठेवली की दहावं हार्मोनिक मूळ स्वराच्या जवळपास दोन तृतीयांश राहतं, आणि विसावं पूर्ण गायब. दहा टक्के ठेवली तर गायब होणारं दहावं. म्हणजे रुंदी हलवली की वर कुठेतरी एक खड्डा हलतो. एका अतिसंथ एलएफओनं (स्वतः ऐकू न येणारी, दुसरं काही हलवणारी लहर) रुंदी चार आणि सहा टक्क्यांच्या मध्ये फिरवली. खड्डा पंचविसाव्या आणि सतराव्याच्या मध्ये येरझाऱ्या घालतो आणि आवाज एका जागी गोठत नाही. फिल्टर न लावता हा आवाज कर्कश आहे, डासासारखा. असू दे.

१४ जुलै

फिल्टर. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण याच जागी पॅचला पहिल्यांदा प्राण आला.

लो-पास फिल्टर कटऑफ या हद्दीच्या वरचे स्वर दाबतो. साधा, सप्तकाला १२ डेसिबलचा लो-पास लावला तर कटऑफच्या वरच्या सप्तकातली हार्मोनिक्स एक चतुर्थांशापर्यंत उतरतात. २४ डेसिबलच्या लो-पासला ती सोळाव्या हिश्श्यापर्यंत जातात. उतरणारा पट्टा ठसठशीत दिसायचा तर कड तीव्र हवी, म्हणून २४. नुसत्या कडेनंही भागत नाही, कडेवर उंचवटा हवा, आणि तो रेझोनन्स देतो. रेझोनन्स वाढवून कटऑफ हातानं हळूहळू खाली आणला की हार्मोनिक्स एकामागून एक सुटी ऐकू येतात. गाणाऱ्याला ती स्वरांच्या नावांनीच ऐकू येतात: षड्ज, गंधार, पंचम, आणि मध्ये तो कोमल निषादाच्या थोडा खाली बसणारा सातवा.

आता लॅडर फिल्टरबद्दल. सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांना १९६९ मध्ये पेटंट मिळालेला हा ट्रान्झिस्टरांच्या शिडीचा फिल्टर. त्याची एक खोड जगजाहीर आहे: रेझोनन्स वाढवत नेला की खालचे स्वर बसतात. फिल्टर स्वतःच शिटी घालू लागण्याच्या बेताला येतो तेव्हा कटऑफखालचा सगळा भाग पाचव्या हिश्श्यावर आलेला असतो. बास वाजवणारे याबद्दल हळहळतात आणि बऱ्याच नव्या फिल्टरांत ही घट भरून काढायची सोय असते. मला ही घटच हवी आहे. तंबोऱ्याच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये मूळ स्वराची रेघ फिकटच होती. सर्जमध्ये व्हिंटेज लॅडरचा भरपाई नसलेला प्रकार निवडला आणि रेझोनन्स शिटीच्या बराच अलीकडे ठेवला. खर्ज मागे सरला आणि वरचे स्वर पुढे आले. ईक्यू लावून हे करता आलं असतं, पण तेव्हा ते सगळा वेळ सारखंच राहिलं असतं.

१५ जुलै

आज फक्त कटऑफच्या दोन टोकांची जुळणी. ताईंच्या खर्जात पट्टा साधारण चाळिसाव्या हार्मोनिकजवळ सुरू होतो, म्हणजे २७७० हर्ट्झच्या आसपास. उतरून पाचव्यावर थांबवला तर ३४६ हर्ट्झ. चाळीस ते पाच म्हणजे बरोबर तीन सप्तकं, ३६ सेमिटोन. एन्व्हलपची खोली तेवढीच ठेवली. पाचवं हार्मोनिक निवडण्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

१९ जुलै

एन्व्हलप.

आज अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही चौकडी आपण गृहीतच धरतो. १९६५ मध्ये संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी कोलंबिया-प्रिन्स्टनच्या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रासाठी मूग यांच्याकडून उपकरणं मागवली, त्यात आवाजाचा चढ, पहिला उतार, टिकाव आणि शेवटचा उतार वेगवेगळे ठरवता येतील अशी मागणी होती. आपल्याकडेही हे लवकर पोचलं. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्राचा स्टुडिओ उभा करून दिला होता. तंबोऱ्याच्या देशात ते यंत्र इतक्या लवकर आलं होतं, या गोष्टीचं मला फार अप्रूप आहे.

पॅचमध्ये दोन एन्व्हलप आहेत. एक आवाजाच्या जोरासाठी, एक कटऑफसाठी.

जोराचं एन्व्हलप: अटॅक १५ मिलिसेकंद, बोटाच्या मांसल कडेसाठी. शून्य केलं तर नखाचा ठोका ऐकू येतो, पन्नासच्या वर नेलं तर गज फिरवल्यासारखं वाटतं. डिके ९ सेकंद. सस्टेन शून्य, कारण छेडलेल्या तारेला कुणी वरून ऊर्जा पुरवत नाही. रिलीज डिकेएवढाच. रिलीज लहान राहिला तर कळ सोडल्याबरोबर तार हातानं दाबल्यासारखी गप्प होते, आणि तंबोऱ्याच्या तारा अशा कधीच गप्प होत नाहीत.

उताराचा आकारही पाहावा लागतो. सरळ रेषेत उतरणारा जोर कानाला बराच वेळ तसाच वाटतो आणि शेवटी एकदम नाहीसा होतो. तारेची ऊर्जा दर सेकंदाला उरलेल्याच्या ठरावीक हिश्श्यानं घटते. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांत कपॅसिटर रिकामा होतानाही हाच वक्र मिळायचा. सर्जमध्ये एन्व्हलपला अ‍ॅनालॉग पद्धतीवर टाकता येतं, टाकलं.

कटऑफचं एन्व्हलप: अटॅक १२० मिलिसेकंद. छेडल्यावर आवाज जो फुलत वर जातो तो हा. दोरा सारलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हता. डिके साडेचार सेकंद, जोराच्या निम्म्यानं. हे प्रमाण मी बराच वेळ हलवून पाहिलं. दोन्ही उतार सारखे ठेवले तर चमक आणि जोर बरोबरच संपतात आणि तार लहान वाटते. चमक आधी निवली आणि खाली खर्ज उरला, तर तार लांब वाटते.

२१ जुलै

चारही तारा एकत्र. पंचम, जोड, जोड, खर्ज, दर तारेमध्ये सव्वा सेकंद.

फिल्टर एकच ठेवून पाहिलं. जुन्या स्ट्रिंग मशीनमध्ये असाच चारचौघांत एक फिल्टर असायचा. नवी तार छेडली की कटऑफ पुन्हा वर उडी घेतो आणि त्याच्याखाली विझत आलेल्या बाकीच्या तिन्ही तारा पुन्हा उजळतात. दर सव्वा सेकंदाला सगळा तंबोरा एकदम डोळे उघडतो. प्रत्येक तार आपापल्या उतारावर वेगळ्या जागी असते, एकीचा पट्टा वर, दुसरीचा मध्ये, तिसरीचा तळाशी, आणि त्या गुंफणीतूनच तंबोरा अखंड वाहतो. म्हणून प्रत्येक तारेला स्वतःचा फिल्टर आणि स्वतःची दोन एन्व्हलप.

तीच तार पुन्हा छेडली जाते तेव्हा एन्व्हलप शून्यापासून सुरू न करता आहे त्या पातळीवरून वर जायला हवं. शून्यापासून केलं तर आवाजात बारीक तुटका टिचका येतो.

२४ जुलै

ताईंना ऐकवलं. डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली. "तंबोरा आहे गं, पण बेसुर आहे. पंचम बघ."

त्यांचं बरोबर होतं. कीबोर्डचा पंचम समान भागांच्या सप्तकातला, शुद्ध पंचमाहून दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला. खर्जाचं तिसरं हार्मोनिक आणि पंचमाचं दुसरं यांच्यात पाव हर्ट्झाचा फरक पडतो, आणि साधारण चार सेकंदांना एक असा हेलकावा येतो. पियानोवर हे कुणाच्या लक्षात येणार नाही. तंबोऱ्यावर स्वर अखंड चालू असतात, तिथे हेलकावा लपत नाही. पंचम दोन सेंट चढवला. हेलकावा थांबला आणि ताईंची मान हलली.

जोडीच्या दोन तारांत मात्र अगदी थोडा फरक मुद्दाम ठेवला आहे, एका सेंटचा. मूळ स्वरात तो कळतच नाही, दहाव्या हार्मोनिकवर सेकंदभराहून थोड्या जास्त वेळाची हळुवार लहर होते. ताई म्हणाल्या, तार बारीक जुळवायचा मणी अजून एक टिचकी सरकवायला हवा, पण चालेल.

मग खर्ज एकटाच वाजवला. छेडल्यावर पट्टा उतरत आला आणि पाचव्यावर येऊन रेंगाळला. ताईंनी बोट वर केलं: "आला. गंधार आला." जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू यावा, ही त्यांच्या घराण्यात तंबोरा जुळल्याची खूण मानतात. कटऑफ ३४६ हर्ट्झवर थांबवला तो यासाठी. हा गंधार पेटीवरच्या गंधारापेक्षा चौदा सेंटनी उतरलेला असतो, आणि कुणीही कळ न दाबता तो तिथे ऐकू येतो. एका पल्स वेव्हमधून, एका फिल्टरच्या उतारातून तो निघाला याचा मला जो आनंद झाला तो इथे लिहून ठेवायलाच हवा.

२८ जुलै

आता भोंगा.

मामा गिरणीत होते. त्यांना विचारलं, भोंगा कसा वाजायचा? त्यांनी तोंडानं काढूनच दाखवला. तळातून निघतो, चढत जातो, वर जाऊन भरून राहतो आणि उतरताना चढण्यापेक्षा जास्त वेळ घेतो. "वर गेला की छाती भरायची बघ, आणि उतरताना पाय उचलायचे." मोटरवरच्या भोंग्याचं गणित यात नीट बसतं. चकती वेग घेते तसा स्वर चढतो, वीज बंद केल्यावर ती आपल्या वजनानं फिरत फिरत थांबते. चकतीची भोकं हवेचे झोत तोडतात, म्हणजे मुळात तीही पल्सच, फक्त रुंद.

तेव्हा ऑसिलेटर तोच, फिल्टर तोच. बदलायचं ते असं: पल्सची रुंदी पाचवरून चाळीस टक्क्यांवर. जोराचा अटॅक १५ मिलिसेकंदांवरून अडीच सेकंदांवर. सस्टेन शून्यावरून पूर्ण. कटऑफच्या एन्व्हलपची खोली ३६ सेमिटोनवरून शून्यावर आणि कटऑफ १२०० हर्ट्झच्या आसपास स्थिर. रेझोनन्स कमी, म्हणजे बसलेला खर्ज परत वर येतो आणि मामांची छाती भरते. शेवटी चारही तारांचा स्वर सरकून एका जागी.

हे सगळं एका मॅक्रो नॉबवर बांधलं. सगळं बरोबर हलवलं तर सांधा दिसतो. क्रम लागतो, आणि आज त्या क्रमावरच काम केलं.

कान वाद्य ओळखतो ते बरंचसं त्याच्या आरंभावरून. सनईचा आरंभ कापून उरलेला आवाज ऐकवा, माणूस गोंधळतो. म्हणजे अटॅकला आधी हात लावला तर प्रेक्षकाला लगेच कळणार की तंबोरा गेला. म्हणून नॉबच्या पहिल्या एक तृतीयांश हिश्श्यात फक्त डिके लांबतो आणि सस्टेन वर येतो. तारा एकमेकींवर साचत जातात, नवी छेड जुन्यांच्या गर्दीत बुडू लागते. ती पुरती बुडाली की मग अटॅक सैल करायचा. कटऑफचं एन्व्हलप सर्वांत शेवटपर्यंत जिवंत ठेवलं आहे, उथळ होत जाणारं. फुलण्याची ती हालचाल थोडी जरी शिल्लक असली तरी कान तंबोऱ्यालाच धरून राहतो. स्वर सरकायला लागतो तो नॉबच्या शेवटच्या पाव भागात.

दिग्दर्शकाला फोनवर ऐकवलं. त्यांनी विचारलं, भोंगा कुठे सुरू होतो? एवढंच हवं होतं.

२ ऑगस्ट

तालमीच्या हॉलमधले स्पीकर लहान आहेत, ६९ हर्ट्झ त्यांच्यातून जवळजवळ येतच नाही. तंबोऱ्याला यानं काहीही झालं नाही. वरची हार्मोनिक्स जागेवर असली की खर्ज कान स्वतः भरून काढतो. भोंग्याचं मात्र अवघड झालं, तो सगळा खालच्या भरावावर उभा आहे. या हॉलपुरता कटऑफ १२०० वरून १६०० वर नेला. नाट्यगृहात पुन्हा ऐकून ठरवायचं.

नटाच्या आवाजाखाली तंबोरा जास्त चमकतो असंही दिसलं. सप्तक वर न्यावं लागलं नाही, फक्त रेझोनन्स जरासा उतरवला. गंधार अजून ऐकू येतो. रेझोनन्स याहून खाली नेणार नाही.

५ ऑगस्ट

पॅच बंद केला. ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाला एकच नॉब दिला आहे आणि संवादातल्या खुणा लिहून दिल्या आहेत. "चाळीत कुणी झोपलं नाही" या वाक्याला सुरुवात, तिथून नव्वद सेकंदांत नॉब शेवटपर्यंत. घाई करायची नाही, पहिल्या एक तृतीयांश भागात सर्वांत जास्त वेळ घालवायचा.

प्रयोगाच्या दिवशी नटाचा आवाज बसला असेल तर पट्टी अर्धा स्वर उतरवून पांढरी एक करायची. खर्जाचा कटऑफ कीट्रॅकिंगवर आहे, म्हणजे वाजणाऱ्या स्वराबरोबर सरकतो, त्यामुळे गंधार आपोआप त्याच्याबरोबर उतरेल. जोडीचं कीट्रॅकिंग निम्मं ठेवलं आहे, पूर्ण ठेवल्यावर त्या तारा खर्जावर चढून बसत होत्या. पंचमाचे दोन सेंट ट्यूनिंगच्या फाइलमध्ये आहेत, तिथे हात लावायचा नाही. भोंग्याचा वरचा स्वर मात्र आकड्यानं बांधला आहे. तो नटाच्या पट्टीबरोबर हलत नाही आणि हलवायचाही नाही.